मैनीबाईचा आवाज आणि शीला

शीला गेल्याचा फोन तिच्या मुलीचा, वैशालीचा आला, तेव्हा मी चंद्रपूरला घरी तांदूळ निवडत होते. "मावशी, आई झोपेतच गेली…" एवढंच ती बोलली. सुपातले तांदूळ तसेच ठेवून मी तिच्या गावाची, सावलीची बस धरली.

एटापल्लीच्या दवाखान्यात आम्ही दोघी नर्स होतो. आजूबाजूच्या पाड्यांवर बाळंतपणाला गेलो की तिथली सुईण मैनीबाई सोबत असायची. पोरगी कळांनी घाबरली की मैनीबाई तिची पाठ चोळत गोंडीत गाणं म्हणायची. शब्द आम्हाला अर्धेच कळत, पण पोरगी शांत व्हायची. शीलानं एकदा टेपरेकॉर्डर नेऊन तिची गाणी कॅसेटमध्ये भरून घेतली. पुढे मैनीबाई गेली, आम्ही निवृत्त झालो, शीला सावलीला आपल्या घरी राहायला आली.

मागच्या वर्षी मैनीबाईच्या लेकीनं शीलाकडे आईचा आवाज मागितला. कॅसेट पार झिजलेली, फार तर एकदा वाजेल अशी. ती वाजताना कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची, असं शीलानं ठरवलं. पण टेपरेकॉर्डरची वायर लावली तरी कॉम्प्युटर काही ऐकेना. कुठल्याशा अपडेटनंतर त्याचा आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, बदलला होता. दुकानदार म्हणाला, नवीन मशीन घ्या. शीलानं मला बोलावलं, कारण माझ्या प्रिंटरनं छळून छळून मला ड्रायव्हर काढाय-घालायला शिकवलं होतं.

"हा चुकीचा ड्रायव्हर आधी काढून टाकू," मी म्हटलं.

"ड्रायव्हर काढला तं गाडी कोण चालवन वं?" दवाखान्याच्या जुन्या जीपची आठवण येऊन दोघी खूप हसलो.

तो काढला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, तर होता तो आवाजही गेला. शीलानं कपाळाला हात लावला. "आतापर्यंत बहिरा होता, आता मुका बी झाला!" मग कॉम्प्युटरचा डबा उघडून आतल्या बोर्डावरचा नंबर तिनं चष्मा पुसत वाचला, मी तो कंपनीच्या साइटवर शोधला. सावलीचं नेट रांगत होतं. तेवढ्यात आमचा चहा झाला, जेवणं झाली, एटापल्लीतली सगळी माणसं आठवून झाली… दुपारी कधीतरी मूळचा ड्रायव्हर उतरला, बसला. मी वायर खोचली. शीलानं टेपचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी हलली आणि मैनीबाई खोकली. मग गाऊ लागली. आम्ही एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी टेप गुंतून तुटली, पण तोवर गाणी आत आली होती.

ती ऐकून मैनीबाईची लेक फोनवर कितीतरी वेळ नुसती रडत होती, असं शीलानंच मला सांगितलं.

गाण्यांच्या मध्ये एका जागी मैनीबाई थांबते आणि एक तरुण, खणखणीत आवाज येतो, "मैनीबाई, थांबली काऊन? म्हन नं, मी ऐकून राह्यली." तो शीलाचा. तिला त्याची फार लाज वाटली होती. "तेवढं काप वं, नलू," ती म्हणाली होती. कापायचं राहून गेलं.

आता वैशाली रोज सकाळी सावलीच्या त्या खोलीत कॉम्प्युटर लावते. गाणं पुढे सरकवत नेते, आणि त्या जागी येऊन थांबते.