गिरणीतली नोकरी
कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला हिंगणघाटची एक संध्याकाळ आठवते. वर्ध्याला कॉलेजात असताना आम्ही काही मुलांनी शपथ घेतली होती, की स्वतः कातलेल्या सुताचंच कापड घालायचं, गिरणीच्या कापडाला हात लावायचा नाही. गावोगावच्या सभांत आम्ही लोकांनाही तेच सांगत होतो. बी.ए. झालो आणि कारकुनीसाठी बोलावणं आलं ते गिरणीतूनच. "खादी घरी ठेवून या," एवढीच मॅनेजरची अट होती. माझा बा तेव्हा कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला होता. कापसाच्या धुळीनं त्याची छाती भरली होती. बोलता बोलता खोकल्याची उबळ यायची. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्याला अडखळत शपथेचं सांगितलं. तो हसला. "बाबू, तुह्या अंगातल्या सदऱ्याचं सूत कोनं कातलं?" "मीच." "अर्धं तुह्यं. परीक्षेच्या सुट्टीत तू पुस्तक घेऊन बसे, तवा तुह्या चरख्यावर म्याच बसत होतो. तुह्यी शपथ मोडू नाई म्हणून. आता माह्या छातीत दम नाई राह्यला." सोमवारी गिरणीच्या कापडाचा सदरा घालून कामावर हजर झालो आणि बानं त्याच दिवशी जिन सोडलं. सभांतले मित्र रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो. आता तेही थकले, मीही थकलो. नोकरी धरली ते चुकलं का, हे मला अजून ठरवता येत नाही. पण त्या सुट्टीत सुताच्या गुंड्या वाढताना रोज दिसत होत्या आणि मी एकदाही विचारलं नाही, याची लाज वाटते.