जिथं कुत्रं झोपतं, तो बीच

सगळ्यात आधी तीच आली. जिच्याशी बाप सालभर बोलला न्हाई, ती.

सोनाली. माझी नात. नवऱ्याला घेऊन, ऊन वर यायच्या आत दारात हजर.

शेजारची कमल भिंतीवरून बघून मोकळी, "आली गं बया समुद्रवाली!"

आज आमच्या म्हाताऱ्याला जाऊन वर्ष झालं. भावकी जेवायला येणार व्हती. वरणाला फोडणीबी बसली नव्हती अजून.

मी चौथीपत्तूर शिकलेली. फोनात बोलते, ते आपोआप लिहून येतं. चुकलं तर समजून घ्या, पण वाचा जरूर. काहून की सालभर गावात एकच बोलणं हाय, नातीनं आजाला समुद्रावर ओढून नेलं आन म्हातारा खचला.

खोटं हाय ते.

सोनाली अंदमानात एका बेटावर दवाखान्यात नर्स हाय. म्हाताऱ्यानं मेंढरांच्या वाड्यात बसून स्वतः तिला फोन लावला. मी शेजारीच व्हते.

"सोने, तिकीट काढ. बापाला सांग, तूच आमाला बोलावलं. त्याला खरं सांगशील तर आडवल त्यो."

"आबा, डॉक्टर काय म्हणले?"

"मन रमवा म्हणले."

लबाड! डॉक्टर म्हणले व्हते, काळीज कमजोर झालं, घर सोडू नका.

मी डोळे वटारले तर मलाच म्हणले, "तू गप. जलमभर मेंढरामागं पाणी हुडकलं. एकदा लई पाणी बघू दे."

मी गप बसले.

विमानाचं सांगत बसले तर रात होईल. म्हातारा खिडकीतून ढग बघून म्हणला, "लोकर कातरून टाकलीय कुणी तरी." तेवढंच सांगते.

तिथं गेल्यावर सोनालीनं नाडी धरली आन समजली. लई रडली. मंग डोळे पुसून म्हणली, "एकच दिवस. एकच बीच. तोबी रिक्षानं, जास्त चालायचं न्हाई."

आता कोणता?

फुकटात जायचे तीन बीच जवळ. तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. ह्याला साडेचार स्टार, त्याला पाच.

म्हातारा म्हणला, "फोटोत वारा दिसतो का?"

"आबा, रेटिंग बघा ना!"

"तिथं कुत्रं कुठं बसतं ते सांग."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी हसले. मला ठाऊक व्हतं.

कुरुंद्याकडं हळदीच्या रानात आमी मेंढरं बसवायला जायचो. खत व्हतं रानाला. तर कुठंबी मुक्काम टाकायच्या आधी म्हातारा कुत्रं मोकळं सोडायचा. ते अंग टाकून झोपलं की तिथंच वाघर लावायची, म्हंजे मेंढरांभवती जाळी. ओल, किडामुंगी, वारा, सगळं त्याला आपल्याआधी कळतं. चाळीस साल असंच केलं. एकदा ऐकलं न्हाई आन पाण्यात निजलो, ते येगळं सांगीन.

तर रिक्षा निघाली.

पहिल्या बीचवर रंगीत छत्र्या, खुर्च्या, गाणी. कुत्री व्हती, पण लोक हाकलून राहिले व्हते. "चल म्होरं."

दुसरा पाच स्टारवाला. काय रेती गं बाई, पिठीसाखर! पण दूरवर सावली न्हाई आन कुत्रंबी न्हाई. मला उतरायचं व्हतं, खरं सांगते. सोनालीलाबी.

"म्होरं."

तिसरा इवलासा. होड्या पालथ्या घातलेल्या, जाळी वाळत टाकलेली. एका झाडाखाली तांबडं कुत्रं चारी पाय ताणून झोपलेलं.

"थांबव रं."

कुत्र्याशेजारी बसला म्हातारा. कुत्र्यानं एक डोळा उघडला आन मिटला. झालं, वळख पटली.

दम लागला न्हाई त्याला तिथं. दुपारपत्तूर बसला. मी लुगडं वर धरून पाण्यात गेले, पोरीवाणी वरडले. मंग त्यानं वंजळभर पाणी मागितलं. चाखलं, थुंकलं आन असा हसला की खोकला लागला.

"अगं, मेंढरांची चंगळ हाय इथं! एवढं मीठ!"

दोन बाटल्या भरून घेतल्या. माझ्या लुगड्यात गुंडाळून पेटीत आणल्या. घरी वाड्यातल्या चपट्या दगडावर वतलं. वाळून पांढरं झालं, मेंढरांनी चाटून दगड चकचकीत केला. म्हातारा बघत बसला.

महिना भरायच्या आत गेला. झोपेतच.

तेराव्याला माझ्या पोरानं, ज्ञानोबानं, आपल्या पोरीला समद्यांम्होरं सुनावलं, "तुझ्या समुद्रानं माझा बाप गेला."

ती भरल्या ताटावरून उठली. तिनंबी आज्याचं नाव सांगितलं न्हाई. आन मी? तवाबी गपच. पोराचा राग माझ्यावर येईल म्हणून भ्याले. हे लिहिताना लाज वाटून राहिली.

आज पंगत बसली आन मी उभी राहिले. फोन कुणी लावला, खोटं कोण बोललं, गप कोण बसलं, सगळं सांगितलं.

ज्ञानोबा वर बघेना.

"माय, सालभर काहून न्हाई सांगितलं?"

"भ्याले रं."

सोनालीनं पिशवीतून बाटली काढली. त्याच बीचचं पाणी. बापाच्या ताटाजवळ ठेवली आन मागं सरली.

तो जेवला न्हाई. बाटली उचलून वाड्यात गेला. मला वाटलं, फेकतो.

दगडावर वतली त्यानं. मेंढरं वलंच चाटायला लागली. तो खाली बसला. थोड्या वेळानं तिकडूनच वरडला,

"सोने, ते कुत्रं हाय का अजून?"

"हाय पप्पा. तिथंच झोपतं."

"ये इकडं. सांग कसं हाय ते."

ताट दोघांचंबी गार झालं. मी परत गरम वाढलं.

अवो सोनालीचे आबा, वरून ऐकून राहिले ना? तुमी सांगितलं व्हतं बोलू नको. बोलले मी. तुमी आपले जिथं कुत्रं झोपलंय तिथंच निवांत बसा. माझा नमस्कार घ्या.

संध्याकाळच्या गाडीनं पोरगी आन जावई गेले. दिवाळीच्या पाडव्याला, मेंढरं पुजायच्या दिवशी, परत येतो म्हणले. पुसेगावच्या स्टँडवर आणायला ज्ञानोबा जाणार हाय.