ओनोफ्रेचा हिवाळा आणि एदुविनाचं सरपण

एदुविना रेतामाल आमची शेजारीण. मध्ये एक ओढा आणि घोड्यावरून थोडी वाट, पण आलुमिनेच्या वरच्या डोंगरात त्याला शेजारच म्हणतात. बाई कष्टाळू, तोंडानं फटकळ. नवरा ओनोफ्रे स्वभावानं गोड, पण त्याला एक खोड होती. आमच्याकडे हिवाळा जून-जुलैत. पण मार्च लागला, शेळ्या अजून उन्हाळी कुरणावर चरत असल्या, की तो येणारा हिवाळा शोधायला लागायचा.

शेळीच्या पाठीवर फुंकर मारून म्हणायचा, "बघ एदु, खालची लव आत्ताच आलीये. यंदा बर्फ कमरेपर्यंत."

"शेळीला लव नाही येणार तर काय पिसं येणार?"

पेवेनच्या झाडाला बिया भरपूर लागल्या तर हिवाळा कडक, कारण देव आधी पोटाची सोय करतो. कमी लागल्या तरी कडकच, कारण झाड ताकद राखून ठेवतंय. वाकड्या चोचीचे बांदुरिया पक्षी लवकर उडाले तरी तेच, उशिरा उडाले तरी तेच. मग सगळ्यांच्या आधी कळप खाली आणायचा, वरचं चांगलं गवत तसंच सोडून. आणि राशीच्या राशी सरपण तोडायचं. ओनोफ्रेची कंबर धरलेली, त्यामुळे कुऱ्हाड एदुविनाच्या हातात. हिवाळा मात्र दरवर्षी नेहमीसारखा यायचा आणि वसंतात उरलेल्या सरपणाच्या राशीवर कोंबड्या बसायच्या. लोक हसायचे. एदुविनाला हसू यायचं नाही.

एका वर्षी मात्र त्याचं खरं ठरलं. बाकीच्यांचे कळप वाटेतच असताना बर्फ कोसळला. पलीकडच्या सेगुंदिनोची निम्मी करडं खिंडीत गारठून मेली. जुलैत रस्ते बंद झाले, रानातली लाकडं बर्फाखाली गेली.

एक दिवस सेगुंदिनो दारात उभा राहिला. "काका, तुम्ही सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही."

हे वाक्य ओनोफ्रेनं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं सेगुंदिनोला शेगडीजवळ बसवलं, माते नावाचा कडू चहा पाजला, कोल्ह्याची शेपटी यंदा किती झुपकेदार होती ते सांगितलं. निघताना म्हणाला, "ने, हवं तेवढं सरपण ने."

मग रोज कोणी ना कोणी. ओनोफ्रे खुर्चीत बसून शेपटीची गोष्ट सांगणार, एदुविना पुऱ्या तळणार, पाहुणा घोड्यामागे ओंडके ओढत जाणार.

"म्हाताऱ्या, ऑगस्ट अजून यायचाय."

"लोक गारठलेत, एदु."

"मी काय लोकांत मोडत नाही?"

ऑगस्टात रास संपली. एदुविनानं शेळ्यांच्या वाडग्याचं फाटक जाळलं, मग बाक जाळला. एका सकाळी ती कुऱ्हाड घेऊन नवऱ्यासमोर आली.

"ऊठ."

"का?"

"खुर्ची."

ती खुर्ची जळत असतानाच तिनं घोड्यावर खोगीर चढवलं आणि पोटापर्यंतच्या बर्फातून घोडा हाकत सेगुंदिनोकडे पोचली. त्याच्या पडवीत तिचेच ओंडके रचलेले.

"काकू, हे काकांनी दिलंय," तो चाचरला.

"काकांनी दिलं, तोडलं मी! निम्मं माझ्या दारात आणून टाक. आणि बाकीच्यांनाही सांग, नाहीतर मी येते सांगायला."

ती येण्यापेक्षा लाकडं पोचवणं सोपं, हे सगळ्यांनी ओळखलं. थोडं थोडं करत सरपण परत आलं. काही शेळ्या गेल्या, तिच्या पायाची दोन बोटं बधिर झाली ती कायमची, पण घर निभावलं.

पुढच्या मार्चमध्ये यंदाचा हिवाळा कसा ते ओनोफ्रेला विचारायला माणसं उन्हाळी कुरणावरच चढून आली. एदुविना झोपडीच्या दारात वाट अडवून उभी. "विचारायचंय? आधी माझ्यासाठी लाकडं तोडा, मग विचारा." कुरकुरत का होईना, सेगुंदिनोनं आणि आणखी तिघांनी कुऱ्हाडी उचलल्या.

ओनोफ्रे एका शेळीचे केस बराच वेळ चाचपत होता. मग मोठ्यानं म्हणाला, "मला वाटतं, यंदाचा हिवाळा अगदी सौम्य जाणार."

चौघांच्या कुऱ्हाडी थांबल्या.

"आत्ता?" एदुविना किंचाळली. "इतकी वर्षं गेली, आणि तुला आत्ता सुचलं? एक शब्द काढू नकोस! तुम्ही काय बघताय? तोडा!"