आठ स्क्रूंचा पत्रा

बायको मला एकदा थट्टेत म्हणाली होती, "तुम्ही ज्या दिवशी देवापुढे सुपारी ठेवाल ना, त्या दिवशी मी समजेन, आता माझं काही खरं नाही." तेव्हा ती धडधाकट होती. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि नवस-सायास करणाऱ्यांची टर उडवणं हा माझा वर्गाबाहेरचा तास असायचा.

पुढे तिच्या डोक्यात गाठ झाली. परळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन महिने, फार तर तीन. तिला मी सांगितलं, नसांचा अशक्तपणा आहे, हवापालट केला की बरं वाटेल. ती म्हणाली, "मग मला राजापूरला ताईकडे न्या."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. खुबा मोडून तीही अंथरुणाला खिळलेली, तेव्हा जायचं तर हिनेच. बोटीने जायचं म्हणजे भर समुद्रात बोटीतून लहान पडावात उतरणं आलं, ते हिच्याने होणार नव्हतं. म्हणून मी लढाईनंतर लिलावात निघालेली एक जुनी लष्करी ॲम्ब्युलन्स मिळवली आणि लालबागच्या एका बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रीकडे दिली. त्याने आत खाट बसवली, पाण्याचं पिंप बसवलं, स्टोव्हला जागा केली, एक छोटं कपाट केलं. आमच्या शिवाजी पार्कच्या बिल्डिंगीत सगळे तिला 'मास्तरांचा बंगला' म्हणायला लागले.

खाटेच्या उशाशी आतून पत्रा ठोकायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने विचारलं, "मास्तर, पत्र्याच्या आत सुपारी ठेवूया? आमच्यात ठेवतात. गाडी सुखरूप पोचता."

"आणि सुपारी नसली तर काय, चाकं फिरायची थांबतात?" मी म्हणालो. तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी तो चहाला गेला तेव्हा मी खिशातून सुपारी काढली. बायकोच्या पूजेच्या तबकातूनच आणली होती. रुमालाच्या तुकड्यात गुंडाळून ती मी लाकडी चौकटीच्या पोकळीत ठेवली. मला माझी लाज वाटत होती आणि तरीही मी मनात म्हणत होतो, पोचव बाबा, एवढी एकदा पोचव. मिस्त्रीने ठेवली असती तर लाखेने पक्की चिकटवली असती. मी नुसती ठेवली. त्याने येऊन आठ स्क्रू मारून पत्रा बंद केला.

गाडी घरी आली तेव्हा तिला खाटेवर निजवून आम्ही दादरपर्यंत एक फेरी मारली. ट्रामच्या रुळांवर चाक चढलं आणि तिने दोन्ही हातांनी कान दाबले. तिच्या दुखण्यात आवाज हीच खरी मारहाण होती. मग आम्ही आवाजांच्या मागे लागलो. कपाटाची कडी वाजत होती, तिला बनातीच्या कापडाची चकती लावली. पिंपाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. स्टोव्हचे पाय सुतळीने बांधले, खिडकीच्या खाचेत मेणबत्ती घासली. एक आवाज गप्प केला की त्याच्या पोटातून दुसरा निघायचा. वर्गात ध्वनीचा धडा मी घडाघडा शिकवायचो; इथे माझी अक्कल गहाण पडली होती. शेवटी एकच आवाज उरला. टक्, आणि जरा वेळाने पुन्हा टक्. इंजिनाच्या घरघरीत तो कुठून येतो ते कळेना.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका सकाळी कडकडीत हरताळ पडला. ट्राम नाही, बस नाही, गिरण्यांचे भोंगेही नाहीत. मिस्त्री लालबागहून चालत आला आणि म्हणाला, "मास्तर, असो दिवस परत मिळायचा नाय. आज आवाज पकडूया." इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलली तर हरताळ मोडत नाही, असा निवाडा कोपऱ्यावरच्या कार्यकर्त्यांनी दिला आणि धक्का मारायलाही तेच आले. मिस्त्री आत फळीला कान लावून पडला, मी खाटेवर बसलो.

त्या शांततेत मी तो आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. काहीतरी गोल, कडक, घरंगळत जाऊन लाकडावर आपटत होतं. माझी सुपारी रुमालातून सुटली होती.

गाडी परत फाटकाशी आली. बायको तळमजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसली होती. मिस्त्री तिच्याकडे पाणी प्यायला गेला, दोन मिनिटं तिच्याशी बोलत उभा राहिला. परत आला आणि मला म्हणाला, "मास्तर, खरं सांगा, उशाकडे पत्र्याच्या आत कोणी काय ठेवलंय काय?"

गॅलरी दहा पावलांवर होती. पत्रा उघडला असता तर सुपारी तिच्यासमोर बाहेर पडली असती, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला एका क्षणात कळलं असतं.

"छे," मी म्हणालो. "कोण ठेवणार?"

"मग खालून चासीतच असणार," तो म्हणाला.

हरताळ सुटल्यावर तो गाडी लालबागला घेऊन गेला आणि खालून सगळी खोलून बसला. गुपचूप जाऊन सुपारी काढायची असं मी ठरवलं होतं. दोनदा गेलो, दोन्ही वेळा कारखान्यात माणसं होती. मग तिकडे दगडफेक झाली, पोलीस बसले, दोन दिवस कोणाला जाऊ देईनात. घरी ती रोज विचारायची, "निघायचं का हो? वाजलं थोडं तर वाजू दे." मी रोज म्हणायचो, आवाज गेला की लगेच. हरताळानंतर नवव्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन तिच्याजवळ गेलो, तर ती गेली होती.

तेरावं झाल्यावर मिस्त्री आला. त्याने खिशातून रुमालाचा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला आणि त्यावर सुपारी ठेवली. माझाच रुमाल होता.

मी काय बोललो ते लिहितानाही जीभ झडावी असं वाटतं. मी म्हणालो, "तिनेच ठेवली असेल."

मिस्त्रीने सुपारी माझ्याकडे सरकवली.

"मास्तर," तो म्हणाला, "हरताळाच्या दिवशी बाईंनी मला सांगितलेलं. म्हणाल्या, माझ्या तबकातली एक सुपारी कमी झालीय, ती ह्यांनीच गाडीत ठेवली असणार. आवाज तिचाच आहे. तुम्ही गुपचूप काढा, मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. मग खात्रीसाठी मी तुम्हाला विचारलं. तुम्ही नाय म्हणालात. मला वाटलं, बाईंचं डोकं दुखण्याने फिरलंय. तुम्ही मास्तर, तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

मी विचारलं, पत्रा उघडायला किती वेळ लागला.

"आठ तर स्क्रू," तो म्हणाला. "पाच मिनिटं."