मुन्सिफ कम्मूनचा थरथरता पडदा

आमच्या स्फाक्समध्ये, ट्युनिशियातल्या या काटकसरी व्यापारी शहरात, कुणी मनापासून पैसा खर्च केला, की लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. त्यामुळे बाब दिवान या जुन्या वेशीमागच्या गल्लीतल्या मुन्सिफ कम्मून या चष्मेवाल्याने भिंतभर टीव्ही घेतला, तेव्हा दोघं-तिघं खरंच, आदराने 'सी' लावून, विचारून गेले, "सी मुन्सिफ, बरा आहेस ना?"

माझं मसाल्याचं दुकान त्याच्या दुकानाला लागून. त्यामुळे हे सगळं मला आधी मुन्सिफकडून कळलं, मग त्याच्या बायकोकडून आणि शेवटी त्याच्या शत्रूकडून. तिघांच्या हकिकतीत जेवढं जुळतं तेवढं सांगतो.

मुन्सिफची मुलगी इनेस शिकायला फ्रान्सला गेली आणि तिचा गेमचा कन्सोल घरीच राहिला. बाप आधी त्यावरची धूळ पुसायचा. एका रविवारी त्याने तो सुरू केला. घोड्यावर बसून मोठ्या मुलखात भटकायचं, राक्षस मारायचे, असा तो खेळ. पन्नाशी उलटलेला, मान खाली घालून आयुष्यभर काचा घासलेला हा माणूस त्या घोड्यावर जो बसला, तो उतरेचना. मग जुना टीव्ही लहान वाटायला लागला. दुकानदाराने त्याला सगळ्यात महाग टीव्ही दाखवला. खेळातली चित्रं कधी भरभर येतात, कधी रेंगाळतात. हा पडदा म्हणे त्यांच्या चालीने आपली चाल बदलतो, पावलात पाऊल टाकून चालतो. खोक्यावर ते सोनेरी अक्षरांत छापलंही होतं. मुन्सिफने हौसेने ती सोय पहिल्याच दिवशी सुरू केली.

आणि पडदा थरथरायला लागला.

उन्हात, माळावर, नदीकाठी चित्र सुरेख. पण घोडा गुहेत शिरला, की काळोख लुकलुकायचा. वात संपत आलेल्या दिव्यासारखा.

"रौदा, हे बघ! दिसतंय?" त्याने बायकोला हाक मारली.

रौदा मासे साफ करत होती. हात पुसून आली, चष्मा वर सरकवून बघितलं. "गुहा दिसतेय."

"गुहा नाही गं, थरथर!"

"तुझेच हात थरथरत असतील. सकाळपासून कॉफी किती झाली?"

मलाही त्याने घरी नेऊन दाखवलं. मी बराच वेळ डोळे फाडून बघितलं आणि खरं तेच सांगितलं, की मला काही दिसत नाही. तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मीच गुहेत लपून फुंकर मारत होतो.

मग सुरू झाली शोधमोहीम. टीव्हीच्या दुकानातून माणूस आला. त्याने फुलं आणि पोपट असलेली चित्रफीत लावली, "एकदम झकास आहे," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. पोपट काही गुहेत राहत नव्हते. इनेसने फोनवर सांगितलं, "बाबा, वायर बदल." बदलली. मग त्याने पडद्याचं चित्रण करून तिला पाठवलं, तर त्यात पडदाच काय, छताचा दिवासुद्धा थरथरत होता. "बाबा, तुझा फोन बिघडलाय," ती म्हणाली. वायरमनने फ्रिजवर संशय घेतला. ऐन ऑगस्टात मुन्सिफने फ्रिज बंद ठेवून खेळून बघितलं. थरथर तशीच राहिली, मटण मात्र गेलं. त्यानंतर काही दिवस रौदा त्याच्याशी फक्त गरजेपुरतं बोलत होती, आणि गरजा तिने फार कमी ठेवल्या होत्या.

शेवटी मुन्सिफच्या मनात ती शंका आली, जी त्याच्या धंद्यातल्या माणसाला येऊ नये. आपलेच डोळे गेले तर नाहीत?

स्वतःचे डोळे स्वतःला तपासता येत नाहीत. दुसऱ्या कुणाकडे जावं, तर गावभर बोभाटा. आणि सगळ्यात जवळचा चष्मेवाला म्हणजे समोरचा रिदा शाबूनी.

या दोघांनी एकाच उस्तादाकडे काम शिकलं. उस्ताद गेल्यावर मुन्सिफने त्याचं दुकान चालवायला घेतलं, तर रिदाने बरोबर समोर आपलं दुकान थाटलं. तेव्हापासून बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी बंद, एकमेकांबद्दल चालूच. "त्याचा चष्मा लावून मशिदीत गेलास तर हमामखान्यात पोचशील," असं मुन्सिफ गिऱ्हाइकाला सांगायचा. "त्याच्या चष्म्यातून बायको सुंदर दिसते, एवढाच फायदा," असं रिदा म्हणायचा.

उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी दुकानं बंद होतात आणि गल्लीत मांजरसुद्धा फिरकत नाही. अशा एका दुपारी मुन्सिफने रिदाच्या मागच्या दारावर टकटक केलं.

रिदाने दार उघडलं.

"कोण वारलं?" रिदाने विचारलं.

"कुणी नाही. डोळे तपासायचेत."

"कुणाचे?"

"माझे, गाढवा. आत घेतोस की उन्हात तपासतोस?"

हसावं की घाबरावं हे रिदाला कळेना. पण खुर्चीत बसलेल्या माणसाची थट्टा करायची नाही, हे दोघांनाही उस्तादाने शिकवलं होतं. त्याने दाराचा पडदा ओढला आणि नीट, मन लावून तपासणी केली.

"डोळे ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "नंबरही तोच. आता सांग, काय दिसतंय तुला?"

मुन्सिफने मान खाली घालून सगळं सांगितलं. घोडा, गुहा, फ्रिज, मटण. रिदाच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला.

"उजेडात नाही ना होत?"

"नाही."

"काळोखातच? आणि खूप राक्षस एकदम अंगावर आले की जास्त?"

मुन्सिफने मान वर केली. "तुला कसं माहीत?"

रिदाने दाराला कडी आहे ना ते बघितलं. "माझ्याकडेही तोच टीव्ही आहे. बायको म्हणते, आजोबा झालास, हे काय पोरखेळ? म्हणून कुणाला सांगत नाही. मलाही वाटलं, डोळे गेले."

"मग कुणाला दाखवलेस?"

"राजधानीत, ट्यूनिसला जाऊन आलो. मोठ्या डॉक्टरकडे, वेगळ्या नावाने."

"एवढ्या लांब? का?"

"जवळ गेलो असतो तर तुला कळलं असतं ना!"

डॉक्टरने त्याचेही डोळे चांगले ठरवले होते. परतीच्या शेअर टॅक्सीत शेजारी बसलेल्या बँकेतल्या एका बाईने त्याचं रडगाणं ऐकून उलगडा केला. तिच्याही घरी तेच होतं. पडदा खेळाच्या चालीने आपली चाल बदलतो तेव्हा काळोखातला उजेड जरासा कमीजास्त होतो. ती सोय बंद केली की थरथर गेली.

"म्हणजे ज्याचे मी जास्तीचे पैसे मोजले, तेच बंद करायचं?" मुन्सिफने विचारलं.

"मीही मोजलेत," रिदा म्हणाला. स्फाक्सच्या माणसाला दुःखात दुसरी कसली सोबत लागते?

त्याच संध्याकाळी रिदा मुन्सिफच्या घरी गेला. रौदाने दार उघडलं आणि तिच्या हातातला चमचा पडला. आत शिरताच रिदा पडद्याकडे बघून ओरडला, "थरथरतंय की! धडधडीत थरथरतंय!" मुन्सिफच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत त्याच्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस भेटला होता.

"मला नाही बाई दिसत," रौदा म्हणाली.

रिदाने तिच्या डोळ्यांकडे बघितलं. "चष्मा कुणी केलाय?"

"यानेच."

"मग बरोबर आहे."

सोय बंद केली. गुहा शांत झाली. मुन्सिफने घोडा बाहेर काढला, भर्रकन वळवला आणि किंचाळला, "आता चित्र मधोमध फाटतंय!"

"पडद्याचं पाऊल आता खेळाशी जुळत नाही, फाटणारच. एक तर थरथरेल, नाही तर फाटेल. मी फाटणं पत्करलंय."

"मी थरथर पत्करीन."

"इतकं रडलास ते कशासाठी मग?"

आणि दोघं भांडायला लागले, पण समोरासमोर, तोंडावर. रौदाने आणखी एक ताट वाढलं.

गोष्ट इथे गोड झाली असती, पण त्या दुपारी रिदाच्या मागच्या दारातलं बोलणं कुणीतरी खिडकीतून ऐकलंच होतं. "मुन्सिफ स्वतःचे डोळे रिदाकडून तपासून घेतो," ही बातमी माझ्या जिऱ्याच्या वासापेक्षा लवकर पसरली. लोक हुशार. ते सरळ रस्ता ओलांडून रिदाकडे जायला लागले. मुन्सिफ दुकानात एकटाच काचा पुसत बसायचा. रौदा त्याला बोलायची, "गेलास कशाला?" तो म्हणायचा, "डोळे चांगले निघाले ना, त्याचेच हे भोग."

खरं तर रिदाला हेच हवं होतं, वर्षानुवर्षं. पण मिळाल्यावर त्याला ते पचेना. माझ्याकडे लवंग घ्यायला आला की समोर बघायचा आणि लवंग न घेताच जायचा.

मग एका बाजाराच्या दिवशी, गल्ली माणसांनी तुडुंब असताना, तो दुकानातून निघाला आणि मुन्सिफच्या दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, "सी मुन्सिफ, मला नीट दिसत नाही. चष्मा करून दे. शहरात तुझ्याइतका विश्वास दुसऱ्या कुणावर नाही."

सगळी गल्ली थबकली. मुन्सिफने त्याला खुर्चीत बसवलं, दाराचा पडदा उघडाच ठेवला आणि लोकांसमोर सावकाश तपासणी केली. नंतर गिऱ्हाइकं दोन्हीकडे वाटली गेली, कारण आता कोण कुणापेक्षा चांगला हे कुणालाच कळेना.

तो चष्मा रिदा अजून वापरतो. मला हळूच सांगतो, "नंबर जरासा चुकलाय, पण सांगू नकोस." मुन्सिफला विचारलं तर तो म्हणतो, "नंबर बरोबर आहे, तो वाकडी मान करून बघतो."

ईदला इनेस घरी आली. दोघांनी तिला पडद्यासमोर बसवलं आणि ती सोय सुरू-बंद करून दाखवली, पुन्हा पुन्हा.

"मला दोन्ही सारखंच दिसतंय," ती म्हणाली.

बाप आणि रिदा एकमेकांकडे बघत राहिले. एवढी तरुण पोर, आणि डोळ्यांची ही दशा! उद्याच तपासायला हवेत, यावर दोघांचं एकमत झालं. कुणाच्या दुकानात, यावर मात्र अजून झालेलं नाही.