यादी उघडली नाही, म्हणून गेलेलं आमंत्रण

सोमवारी सकाळी वर्षाताईंनी मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावून घेतलं. आमच्या खारघरच्या सोसायटीत महिला मंडळ आहे, त्याच्या त्या सेक्रेटरी. सभासदांच्या नोंदीचा प्रोग्रॅम मी लिहिलेला... त्यामुळे काही बिघडलं की हाक मलाच.

"काकू, तुमच्या मशीनने घोळ केलाय. मंगलताईंना हळदीकुंकवाची चिठ्ठी गेली."

मंगलताई सी विंगमधल्या. दिवाळीनंतर उलव्याहून मुलाकडे राहायला आल्या. त्यांचे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. चिठ्ठी जाते ती नावाआधी 'सौ.' असलेल्यांनाच. त्यांच्या नावाआधी 'श्रीमती' हवं होतं आणि पडलं होतं 'सौ.'

"तेवढं दुरुस्त करा, आणि ती चिठ्ठी तुम्हीच जाऊन परत घ्या ना," वर्षाताई म्हणाल्या. "तुमचं ऐकतील त्या. तुम्हीही तशाच..." पुढचं त्यांनी गिळलं.

संताप झाला. पण आधी मशीन बघायचं ठरवलं. न तपासता कोणावर दोष टाकलेला मला आवडत नाही, मग ते मशीन का असेना.

प्रोग्रॅममध्ये नावाआधी एक बटण आहे. त्यावर 'सौ.' लिहिलेलं असतं, दाबलं की खाली यादी उघडते... सौ., कु., श्रीमती. मी दाबलं. काहीच उघडलं नाही.

"दिवाळीआधी तो अपडेट आला ना, तेव्हापासून असंच आहे," वर्षाताई म्हणाल्या. "मग मी सौ. तसंच ठेवून पुढे जाते." जवळजवळ तीन महिने... एक फोन करायला काय झालं होतं, कोण जाणे.

माउस बदलून बघितला. मशीन बंद करून चालू केलं. मग लॉगिन करताना डिस्प्लेची, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवायची, जुनी पद्धत निवडली, तर यादी मुकाट्याने उघडली. म्हणजे मशीन ज्यावर चालतं त्या लिनक्सच्या अपडेटबरोबर आलेली नवी पद्धत आणि माझा कोड यांचं जमत नव्हतं.

इंटरनेटवर एका फोरमला विचारलं. एका गृहस्थांचं उत्तर आलं, 'माझ्याकडे व्यवस्थित चालतं.' अहो, चालत असेल... मी तुमची खुशाली विचारली नव्हती.

शेवटी प्रोग्रॅम टर्मिनलमधून चालवला. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिथे प्रोग्रॅम आपली तक्रार लिहून ठेवतो. बटण दाबलं की तिथे इंग्रजीत एक ओळ येत होती. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पुढचं सगळं वाचून वाचून. शब्दकोश शेजारी ठेवून मॅन्युअल काढलं.

अर्थ असा निघाला की नव्या पद्धतीत प्रत्येक छोट्या खिडकीने, अगदी उघडणाऱ्या यादीनेही, आपण कोणत्या मोठ्या खिडकीची आहोत हे आधी सांगायचं. नाही सांगितलं तर तिला उघडू देत नाहीत.

कोणाच्या तुम्ही, हे कळल्याशिवाय नीट न बोलणारी माणसं मी चार वर्षं बघतेय... आता मशीनही.

दुरुस्ती एका शब्दाची होती. कोडमध्ये यादी तयार होते तिथला कंस मी रिकामा ठेवला होता, त्यात मुख्य खिडकी कोणती ते लिहिलं. यादी उघडली. मंगलताईंचं 'श्रीमती' केलं.

संध्याकाळी सी विंगमध्ये गेले. पलंगावर इस्त्री केलेली हिरवी साडी ठेवलेली होती. "चिठ्ठी चुकून आली हो," मी म्हणाले. मान वर होत नव्हती.

"नाव कोणाचं आहे वर?" मंगलताईंनी विचारलं.

"तुमचंच."

"मग चूक कसली? मी नाही देत. बोलवायचं नसेल तर वर्षाला म्हणावं, माझ्यासमोर येऊन सांग." मग लगेच, "चहा टाकते, बस."

चहा घेतला आणि परत ऑफिसात आले. चिठ्ठ्या छापणारा भाग उघडला. तिथे ओळ होती... 'सौ.' असेल तरच छाप.

ती ओळ माझ्याच हातची. तुर्भ्याची कंपनी सुटल्यावर आमच्या ह्यांनी हे जुनं मशीन मंडळाला दिलं, त्यात लिनक्स टाकून दिलं, आणि मी टाइप करत असताना ते शेजारी बसून बिस्किटं खात होते. तेव्हा मी सौ. होते. त्या ओळीमुळे कोण बाहेर राहील, हे मनातसुद्धा आलं नाही.

ते गेले, आणि यादीत माझ्या नावाआधी 'श्रीमती' आलं. पुढच्या जानेवारीत मला चिठ्ठी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. इतकी वर्षं मी वर्षाताईंवर मनातल्या मनात चिडत राहिले...

ओळ पुसली. आठ चिठ्ठ्या जास्त निघाल्या, त्यात एक माझ्या नावाची. लपवाछपवी नको म्हणून वर्षाताईंना तिथेच बोलावून दाखवलं.

"काकू, मी दुरुस्त करायला सांगितलं होतं."

"केलं की. दोन चुका होत्या. एक यादीची, एक माझी. तुम्हाला ती ओळ परत हवी असेल तर मंडळाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तुम्ही टाइप करा, कशी ते मी शिकवते."

"वाण मोजून आणलंय हो," एवढंच वर्षाताई म्हणाल्या. कमी पडेल ते मी आणते म्हटलं.

राहिलेल्या चिठ्ठ्या मीच वाटल्या. दोघींनी हात जोडून नको म्हटलं, त्यांच्यावर माझा राग नाही. रविवारी हळदीकुंकवाला हॉलमध्ये कोण आमच्याशी बोलेल, कोण तोंड फिरवेल, माहीत नाही. राग आहे तो अजून आहे, आणि त्यातला बराचसा स्वतःवर आहे.

हे लिहिलं ते मंगलताईंचे आभार मानायला. त्यांनी चिठ्ठी मुकाट्याने हातात दिली असती, तर 'यादी उघडते आता' असं सांगून मी घरी आले असते... आणि ती ओळ आजही चालू असती.