चपलांच्या खिडकीतला कौल

शस्त्रक्रिया झाली, मोठ्या केमोचे फेरे झाले, केस जाऊन पुन्हा आले, आणि दोन वर्षांनी गाठ परत दिसली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, देव माझं ऐकतोय तरी का? या वेळी डॉक्टरीणबाईंनी कमी मात्रेची केमो सुचवली. सलाईन नाही, घरीच रोज थोड्या गोळ्या. तोंड येईल, जुलाब होतील, तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतील, काहीही झालं तरी लगेच सांगा, असं बजावून त्यांनी रोजचा त्रास लिहायला एक वही दिली. मी मात्र ‘कमी मात्रा’ एवढंच ऐकलं. एवढ्याशा गोळीला कसला आलाय त्रास, म्हणून वही देवघराच्या खणात ठेवून दिली.

माहेरी मला घोरपड म्हणत, एकदा धरलं की सोडत नाही म्हणून. पुढच्या स्कॅनपर्यंत दर मंगळवारी गणपतीला अनवाणी एकवीस प्रदक्षिणा घालायच्या, असं मी बोलून बसले. दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरपासून देऊळ पायी दहा मिनिटांवर.

दुसऱ्या महिन्यात तळपाय चुरचुरायला लागले. मग लाल झाले, मग फोड आले. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर पाय टेकताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि मला ते भक्तीचंच वाटायचं. ह्यांनी विचारलं की म्हणायची, काही नाही हो, उष्णता आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी वही काढून सगळ्या रकान्यांत एका बैठकीत ‘त्रास नाही’ लिहिलं, आणि डॉक्टरीणबाईंसमोर मोजे घालून बसले. खोटं बोलायची मला हौस नव्हती. दवाखान्यात ओळख झालेल्या एका बाईंच्या गोळ्या बंद झाल्या आणि पुढे त्या कधी दिसल्याच नाहीत. तेवढ्यावरून मी धरून चालले होते की गोळ्या थांबल्या की आपणही थांबलो. मला जगायचं होतं, दुसरं काही नाही.

त्या मंगळवारी नवव्या फेरीला भिंत धरावी लागली. गणपतीच्या उजव्या खांद्यावर जास्वंदीचं फूल होतं. मी मनातल्या मनात कौल लावला: देवा, हे फूल पडलं तर डॉक्टरांना सगळं सांगते. फूल ढिम्म हललं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दात-ओठ खाऊन एकवीस पूर्ण केल्या आणि चपला घ्यायला खिडकीशी आले.

तिथे चपला सांभाळणाऱ्या एक वयस्क बाई बसतात. तोपर्यंत बिल्ला देण्याघेण्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. त्यांनी माझी चप्पल उचलली, पण दिली नाही. उलटी करून पाहिली, आतून बोट फिरवलं.

“बहनजी, ये पसीना नहीं है. पैर से पानी निकल रहा है.”

“गरमी है,” मी म्हटलं.

“मैं शकल नहीं पहचानती, चप्पल पहचानती हूँ. पहले आपकी एड़ी घिसती थी, अब सारा वज़न किनारे पे है. कब से चल रहा है ये?”

मी आयुष्यात कुणाला दिलं नसेल इतकं खरं उत्तर तिथे उभ्याउभ्या दिलं. गोळ्या, वही, नवस, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि चप्पल हळूच माझ्या पायाशी ठेवली.

“भगवान को फूल चढ़ाते हैं बहनजी, पैर नहीं. आज ही डॉक्टर के पास जाओ.”

तिथूनच ह्यांना फोन केला, “देवळाशी या, दवाखान्यात जायचंय.” ते ऑफिसातून तसेच आले. डॉक्टरीणबाईंनी चपला काढायला लावून दोन्ही तळवे नीट तपासले. मग म्हणाल्या, कमी मात्रा म्हणजे बिनत्रासाची मात्रा नव्हे, आणि थोडे दिवस थांबणं म्हणजे हार नव्हे. आणखी अंगावर काढलं असतं तर जखमा चिघळल्या असत्या आणि खरोखरच उपचार सोडावे लागले असते. गोळ्या थांबवल्या, मलम दिलं, कातडी भरून आल्यावर मात्रा आणखी उतरवून पुन्हा सुरू केल्या. अनवाणी चालणं बंद.

स्कॅन अजून व्हायचंय. काय निघेल ते मला ठाऊक नाही, आणि अमुकच निघावं असा आता हट्टही नाही. गोळी घ्यायचा आणि लढायचा हट्ट मात्र जसाच्या तसा आहे, घोरपड ती घोरपडच. फूल पडलं नाही म्हणून देव बोलला नाही, असं मी म्हणणार नाही. तो कुठल्या खिडकीतून बोलेल हे ठरवणारी मी कोण?

मंगळवारी अजून जाते. राहिलेल्या प्रदक्षिणांचं काय, असं बाईंना विचारलं तर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. “यहीं बैठो. भगवान कहीं नहीं जा रहे.” मी बसते, तिथूनच हात जोडते, आणि मांडीवर वही उघडून त्या दिवशीचा रकाना भरते. काल लिहिलं: डाव्या अंगठ्याला भेग, तोंड थोडं आलंय, चालता येतं.